तीनशेचे साडेचारशे

२०२४ च्या एप्रिल महिन्यात आमच्या महाडच्या घरी एक विचित्र आजारी मुक्कामाला होता. रात्री त्याची प्रकृती ठणठणीत असे, सकाळी तो मुकाट्याने काम करी, आणि दुपारी दोनच्या सुमारास, गावात सामसूम झाली की, मान टाकी. हा आजारी म्हणजे माझ्या पुतण्याने स्वतःच्या हाताने सुटे भाग आणून जोडलेला संगणक. पोलादपुरास त्याच्या घरी हेच यंत्र सबंध जानेवारीभर एकदाही अडले नव्हते. तेथून महाड वीसेक किलोमीटर. तेवढ्या प्रवासात त्याला काय झाले, ह्या कोड्यापायी आमचे तीन आठवडे गेले.

कोडे नुसते करमणुकीचे असते तर मी त्यात पडलो नसतो. यंत्रे हा माझा प्रांत नव्हे. पण त्या संगणकात आमच्या घरचे कागद होते. आजोबांच्या वेळचे मोडी कागद, खंडाचे हिशेब, भाऊबंदांची पत्रे, एका विहिरीच्या तंट्याची टाचणे, असे एक लाकडी पेटीभर. २०२० च्या दिवाळीत पुतण्याने त्यांची छायाचित्रे घेतली, ती केवळ हौस म्हणून. पुढे २२ जुलै २०२१ रोजी सावित्री-गांधारीचे पाणी गावात शिरले आणि आमचा तळमजला त्यात गेला. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली. त्या दुःखापुढे आमच्या पेटीची कथा काय सांगावी! पण पेटी गेली ती गेलीच. उरली ती छायाचित्रे. आणि पुरानंतर महाडात जी रीत पडली तीप्रमाणे मोलाची म्हणून जी वस्तू असेल ती वरच्या मजल्यावर, अशी आमचीही व्यवस्था झाली. संगणक म्हणूनच वरच्या खोलीत, थेट स्लॅबखाली बसला. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. मी ती ध्यानात घ्यायला तीन आठवडे लावले.

यंत्र अडते कसे, हे कळण्यासाठी ते चालते कसे हे थोडके सांगितले पाहिजे. शिमग्यात पालखी नाचविताना ढोलाचा ठेका असतो. ठेका पडला की प्रत्येकाचे पाऊल उचलले गेले पाहिजे आणि पुढचा ठेका पडण्याच्या आत ते जमिनीवर टेकले पाहिजे. प्रोसेसरचे तसेच आहे. त्यातल्या अब्जावधी सूक्ष्म कळा एका ठेक्यावर उघडतात-मिटतात आणि पुढच्या ठेक्याच्या आत साऱ्यांचे काम उरकलेले असावे लागते. आमच्या यंत्राचा कारखान्याने ठरविलेला ठेका सेकंदाला ३६० कोटींचा, म्हणजे ३.६ गिगाहर्ट्‌झ होता. पुतण्याने तो ४.४ वर नेला होता. त्या गतीने दोन ठेक्यांमध्ये प्रकाशकिरणसुद्धा पुरता सात सेंटिमीटर जात नाही. ढोल असा मुद्दाम पळविण्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. तो पळविला की बहुतेक नाचणारे निभावून नेतात. अडखळतो तो त्यांतला सर्वांत दुबळा. आणि पालखीत एकाचे पाऊल चुकले तर काय होते ते कोकणात सांगायला नको.

आता कारखाना ३.६ सांगतो आणि यंत्र ४.४ ला चालते, हा मधला ऐवज आला कोठून? ह्याचा इतिहास शोधू लागलो तेव्हा मला वाटू लागले की, संगणकाचा इतिहास हा बराचसा ह्या राखून ठेवलेल्या अंतराचाच इतिहास आहे.

त्याचा आरंभ उलट्या दिशेने झाला. अमेरिकेत १९४५ च्या अखेरीस एनिअ‍ॅक हे प्रचंड यंत्र चालू झाले. त्यात सुमारे १८ हजार निर्वात नळ्या होत्या. रेडिओतल्या असतात तशा, दिव्यासारख्या तापणाऱ्या आणि दिव्यासारख्याच जाणाऱ्या. इतक्या नळ्यांचे यंत्र दहा मिनिटेही नीट चालणार नाही, अशी जाणत्यांना शंका होती. त्याचे अभियंते प्रेस्पर एकर्ट ह्यांनी तोड काढली ती अगदी गृहिणीची: प्रत्येक नळीला तिच्या ताकदीपेक्षा पुष्कळ कमी ताणावर चालवायचे. म्हणजे पहिल्या मोठ्या यंत्राचा पायाच मुळी हात राखून वागण्यावर घातलेला होता. पुढे मॅसॅच्युसेट्‌स तंत्रसंस्थेतल्या व्हर्लविंड यंत्रावर एक पाऊल आणखी पुढे टाकले गेले. तेथे काम नसलेल्या वेळी विजेचा दाब मुद्दाम कमीजास्त करून पाहत. जी नळी एवढ्याशा फरकाने डगमगे ती आज चालत असली तरी लवकरच जाणार, असे ओळखून आधीच काढून टाकीत. दुखणे येण्याची वाट न पाहता ते बोलावून आणायचे, अशी ही युक्ती. ती पुढे आमच्या कामी आली, म्हणून येथे नोंदून ठेवतो.

आपल्याकडे असे ‘घरी जोडलेले’ पहिले मोठे यंत्र मुंबईत झाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन ह्यांच्या नेतृत्वाखाली काही तरुण मंडळी कामाला लागली. त्यांतल्या बहुतेकांनी संगणक डोळ्यांनीही पाहिलेला नव्हता. १९५६ मध्ये त्यांनी एक छोटे प्रायोगिक यंत्र चालविले आणि १९६० मध्ये पूर्ण यंत्र कामाला लागले. सुमारे २७०० निर्वात नळ्या, १७०० जर्मेनियमचे डायोड आणि साडेबारा हजार रोधक, असा त्याचा संसार होता. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी कुलाब्याला संस्थेच्या नव्या वास्तूचे उद्‌घाटन केले, तेव्हा ह्या यंत्राला टिफ्रॅक हे नाव मिळाले. (कुलाबा म्हटले की आमच्या पिढीचा थोडा घोटाळा होतो. १९८१ पर्यंत आमचा जिल्हाही कुलाबाच होता, तो अलिबागच्या पाण्यातल्या किल्ल्यावरून. मुंबईचा कुलाबा निराळा.) मुंबईची दमट हवा आणि हजारो तापलेल्या नळ्या! असे यंत्र वातानुकूलित खोलीवाचून जगत नाही. माझ्या पुतण्याला जेव्हा मी म्हणालो की, तुझ्या आधी साठ वर्षे मुंबईत ह्याच शत्रूशी लढाई झाली आहे, तेव्हा तो म्हणाला, “काका, त्यांच्याकडे एसी होता. आपल्याकडे टेबलफॅन आहे.”

ट्रान्झिस्टर आले, मग सिलिकॉनच्या चकत्या आल्या, आणि राखीव अंतर आता कारखान्याच्या हिशेबात शिरले. एकाच चकतीतून निघालेले तुकडे सारखे नसतात. एकाच फणसातले गरे तरी कोठे सारखे असतात? कारखाना प्रत्येक तुकडा तपासून त्यावर वेगाचा शिक्का मारतो आणि तो मारताना जरा हात राखतो. कारण विकत घेणारा त्याला बर्फाळ गावात ठेवील की उन्हाळ्यात कोकणात, हे त्याला ठाऊक नसते. ह्या हात राखण्यावर पहिली नजर गेली ती हौशी लोकांची. १९८४ मध्ये आय.बी.एम.चा एटी नावाचा संगणक बाजारात आला. त्याचा वेग ६ मेगाहर्ट्‌झ, आणि तो ठरविणारा क्वार्ट्‌झचा स्फटिक खोबणीत नुसता बसविलेला होता. लोकांनी तो उपटून जरा चपळ स्फटिक बसविला आणि ८-९ मेगाहर्ट्‌झ काढले. कंपनीला हे रुचले नाही. तिने पुढच्या यंत्रांत अशी सोय केली की, वेग वाढलेला दिसला की यंत्र सुरूच होऊ नये.

मग बाजारातल्या चतुर लोकांनी निराळाच धंदा काढला. कमी वेगाच्या प्रोसेसरवरचा शिक्का खरवडून त्यावर जास्तीचा आकडा छापायचा आणि चढ्या भावाने विकायचा. दुधात पाणी घालण्याचाच हा प्रकार, फक्त येथे पाणी दिसत नसे. ह्याला आळा घालावा म्हणून इंटेलने नव्वदीच्या दशकात प्रोसेसरमधला गुणक पक्का करून टाकला. वेग म्हणजे मदरबोर्डवरचा मूळ ठेका गुणिले हा गुणक. गुणकाला कुलूप बसले, पण ठेका मोकळाच राहिला, आणि तेथेच ह्या साऱ्या इतिहासातली सर्वांत रंगतदार घटना घडली.

ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन ३०० ए नावाचा स्वस्तातला प्रोसेसर काढला. मूळ ठेका ६६, गुणक साडेचार, म्हणून वेग ३००. हौशी लोकांनी ठेका ६६ वरून १०० वर नेला. साडेचारशे! आणि त्यांतले पुष्कळ नग ह्या वेगाला, साध्या पंख्यावर, दिवसच्या दिवस तक्रार न करता चालले. ज्यांच्या मदरबोर्डवर ठेका बदलण्याची सोय नव्हती त्यांनी प्रोसेसरच्या एका विशिष्ट पिनेवर चिकटपट्टीचा बारीकसा तुकडा लावला, की मदरबोर्डची समजूत होई, हा शंभराचाच दिसतो. गरिबाच्या पैशात श्रीमंताचे यंत्र! तेव्हापासून जगातल्या पोरांच्या मनात एक बसले, की कारखाना आपल्याला कमी सांगतो आणि खरे आपण काढून घ्यायचे असते.

पण ह्याच कथेत एक कानाकोपऱ्यातली गोष्ट आहे, ती सांगताना कोणी आढळत नाही. ठेका १०० वर नेणारे सुखी राहिले. भिऊन मध्येच ८३ वर थांबणारे मात्र फसले. ह्याचे कारण असे. त्याच ठेक्याचा ठरावीक हिस्सा हार्ड डिस्कला हाकणाऱ्या मंडलाकडेही जाई आणि तो ३३ च्या आसपास असावा लागे. ६६ चा अर्धा ३३, १०० चा तिसरा हिस्सा ३३, म्हणून दोन्हीकडे ठीक. ८३ चा अर्धा मात्र ४१ च्या वर जातो. प्रोसेसर मजेत चाले, खेळ चालत, गाणी वाजत, आणि डिस्कवर लिहिलेला मजकूर आतल्या आत नासत जाई. मालकाला ते कळे महिन्याभराने. हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही.

कारण आमच्याकडेही नेमके काय चालले होते? पुतण्या ती छायाचित्रे एकेक उघडून, सरळ करून, उजळून पुन्हा त्याच नावाने साठवीत होता. ४.४ वर.

तोवर आमचे निदान चुकतच चालले होते. त्याचा पहिला संशय महाडच्या विजेवर. स्टॅबिलायझर आणला, दुखणे तसेच. मग मेमरीवर, तिची तपासणी रात्रभर चालविली, एकही चूक नाही. मग महामार्गावर बसलेल्या गचक्यांवर. सारे स्क्रू आवळून झाले. शेवटी त्याने प्रोसेसरला जास्त व्होल्टेज दिले. पूर्वी हे औषध लागू पडले होते. आता दोनला मान टाकणारे यंत्र सकाळी अकरालाच टाकू लागले! ह्यात एक दोष होता आणि तो आम्हां इतिहासवाल्यांना लगेच दिसतो: तो एका वेळी तीन-तीन गोष्टी बदले आणि कसलीही टिपणे ठेवीत नसे. मी त्याला शाळेची दुरेघी वही दिली. एका वेळी एकच बदल, आणि शेजारी वेळ, खोलीचे तापमान, निकाल. आणि पहिली अट अशी की, सारे कारखान्याच्या आकड्यावर परत न्यायचे. ह्या अटीवर आमचे दोन दिवस बोलणे बंद होते. सोळा हजारांत वीस हजारांचे यंत्र केल्याचा त्याला अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

तपासणीसाठी त्याने जो कार्यक्रम वापरला त्याचाही इतिहास गमतीचा आहे. १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन ह्या अमेरिकी गृहस्थांनी मर्सेन जातीच्या प्रचंड मूळसंख्या शोधण्यासाठी जगभरच्या हौशी लोकांचे संगणक एकत्र आणले. ह्या शोधात एकेका संख्येमागे आठवडेच्या आठवडे गणित चालते आणि वाटेत एक आकडा चुकला तर सारे पाण्यात. म्हणून त्यांच्या प्राइम ९५ ह्या कार्यक्रमात यंत्राची परीक्षा घेण्याची सोय ठेवली आहे. ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत अशी अवघड गणिते त्याला अखंड घालीत राहायचे आणि उत्तरे पडताळायची. मूळसंख्या शोधणाऱ्यांचे हे साधन जगभरच्या ओव्हरक्लॉकवाल्यांची कसोटी होऊन बसले. व्हर्लविंडवाल्यांचीच ही युक्ती: दुखणे बोलावून आणायचे.

कारखान्याच्या आकड्यावर यंत्राने चोवीस तास एकही चूक केली नाही. मग दर खेपेस ०.१ ने चढत गेलो. ४.२ ला तीन रात्री निर्वेध. ४.३ ला रात्री दोनला ठीक, दुपारी दोनला चूक. पुन्हा रात्री ठीक, पुन्हा दुपारी चूक. वहीत हे दोन ओळींत एकाखाली एक आले तेव्हा मी काही न बोलता भिंतीवरच्या तापमापकाकडे बोट दाखविले. स्लॅबखालच्या त्या खोलीत ३९ अंश होते.

पुढचे गणित पुतण्यानेच मांडले. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ३.६ चा ४.४ म्हणजे सव्वापटीच्या जरा आत, व्होल्टेज १.२० चे १.३२, त्याचा वर्ग १.२१. दोन्हींचा गुणाकार जवळजवळ दीडपट. मूळच्या वेगाला प्रोसेसर खोलीपेक्षा ३६ अंश अधिक तापत असे, तो आता ५३ अंश अधिक तापू लागला. पोलादपुरास त्यांचे घर कौलारू, मागे डोंगर, जानेवारीची रात्र, खोलीत २२ अंश: बेरीज ७५. महाडात स्लॅबखाली ३९: बेरीज ९२. आणि सिलिकॉन तापले की त्यातल्या कळा मंदावतात. दुबळ्या नाचणाऱ्याचे पाऊल तेवढ्याने चुकते. व्होल्टेज वाढविल्याने पोलादपुरास जे साधले तेच महाडात उलटले, ते ह्यामुळे. कारखान्याने राखलेले अंतर मुळी आमच्या एप्रिलसाठी होते. ते आम्ही जानेवारीत खर्चून बसलो होतो.

ही उष्णतेची भिंत आमच्यापुरती नव्हती. १९७४ मध्ये रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले होते की, कळा लहान करीत गेले आणि व्होल्टेज त्याच प्रमाणात उतरविले तर वेग वाढूनही उष्णता वाढत नाही. तीस वर्षे जग ह्या नियमावर सुखाने पळाले. मग व्होल्टेज खाली उतरेना, आणि मिटलेल्या कळांतूनही वीज पाझरू लागली. इंटेलने २००४ च्या ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्‌झच्या पेंटियम ४ चा बेत सोडून दिला आणि तिचे प्रमुख क्रेग बॅरेट ह्यांनी भर सभेत, अर्थात विनोदाने, गुडघे टेकून त्याबद्दल क्षमा मागितली. त्यानंतर कारखाने एकाच बैलाला चाबूक मारण्याऐवजी दोन, चार, आठ बैल जुंपू लागले. पुण्याला हा विचार आधीच झाला होता. महासंगणक बाहेरून सुखासुखी मिळत नाहीत असे पाहून १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखाली अनेक साधे प्रोसेसर एकत्र जोडून १९९१ मध्ये परम ८००० उभा केला. बुलेटची मस्ती नाही, दिंडीची चाल.

आज तर कारखानाच स्वतः ढोल पळवितो. हल्लीचे प्रोसेसर थोडा वेळ मिळाला की आपोआप वेग चढवितात, त्यामुळे हौशी माणसाला खरवडायला फारसे उरलेले नाही. २०२४ मध्ये इंटेलला आपल्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरांबद्दल कबूल करावे लागले, की गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागितले गेल्याने ते अस्थिर होत आहेत. तिने दुरुस्ती दिली, हमीची मुदत दोन वर्षे वाढविली. आमच्या यंत्राचा त्याच्याशी संबंध नव्हता. आमचे पाप आमचेच.

पोलादपुरास कवींद्र परमानंदांची समाधी आहे. त्यांचे शिवभारत तंजावरच्या हस्तलिखितावरून स. म. दिवेकरांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केले. त्याची पोथी बत्तिसाव्या अध्यायात मध्येच तुटते. त्याची हळहळ वाटते, पण ती तुटण्याची जागा तरी सर्वांना दिसते. पुढे काही नाही, हे स्पष्ट असते. जुन्या कागदांत मला धास्ती वाटते ती नकलाकाराच्या डुलकीची, सलग आणि सुवाच्य अक्षरात चुकलेल्या सालाची. यंत्र बंद पडते तेव्हा ते पोथीसारखे तुटते. आम्ही तेवढेच मोजत होतो. न तुटता त्याने काय काय चुकीचे लिहिले, त्याचा हिशेब आम्ही मे महिन्यात घेतला.

वेग ४.० वर, व्होल्टेज मूळचे, आणि एकेक छायाचित्र उघडून पाहणे. एकूण २१४. त्यांतली नऊ बिघडलेली निघाली. वरचा भाग नीट, आणि एखाद्या ओळीपासून खाली सारी करडी पट्टी. जणू कागद तेथपर्यंत पुरात बुडाला होता. कॅमेऱ्याचे कार्ड तर पुतण्याने केव्हाच पुसून दुसऱ्या कामाला लावले होते. तो दोन दिवस जेवला नाही. मग त्याच्या पुण्याच्या आत्याला आठवले की, २०२० च्या दिवाळीत त्याने तिला मोबाईलवर काही कागद गंमत म्हणून धाडले होते. तिच्या जुन्या फोनात ते सापडले. लहान केलेले, पण भिंग लावून वाचण्याजोगे. नवांपैकी सहा तेथे मिळाले.

राहिलेले तीन विहिरीच्या तंट्याचे आहेत. त्यांतल्या एकात वरच्या चार ओळी शाबूत असून आजोबांच्या थोरल्या भावाचे नाव तिथवर आले आहे; पुढे त्यांनी काय कबूल केले ते करड्या पट्टीखाली आहे. पुतण्याने संगणक पुन्हा पोलादपुरास नेला. वही मात्र त्याने मागून नेली, आणि त्या तीन कागदांच्या पानावर त्याने स्वतःच्या हाताने त्यांचे क्रमांक लिहून पुढची जागा कोरी सोडली आहे.